गेलेल्या गायरानाची राखण

न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, लास क्रूसेस शहराच्या पूर्वेस ऑर्गन पर्वताचे ग्रॅनाइटचे सुळके उभे आहेत. त्यांच्या पायथ्याशी ला क्वेवा नावाची कपार आहे. तिथे जोव्हानी मारिया दे आगोस्तिनी हा इटालियन बैरागी राहायचा. रोगी माणसे त्याच्याकडे औषधाला जात. एकट्याने डोंगरात राहू नकोस, असे खालच्या मेसिया गावातले लोक त्याला सांगत. दर शुक्रवारी रात्री मी शेकोटी पेटवीन, ती दिसली नाही तर समजा मी गेलो, असे त्याने त्यांना सांगितल्याची आठवण आहे. १८६९ च्या एप्रिलमध्ये एका शुक्रवारी डोंगर काळोखात राहिला. लोक वर गेले, तर त्याचा खून झालेला. खुनी कधीच सापडला नाही.

या मुलखातला जवळजवळ प्रत्येक डोंगर कुणाच्या तरी आठवणीला बांधलेला आहे. वायव्येकडच्या रोब्लेदो पर्वताला पेद्रो रोब्लेदोचे नाव आहे. १५९८ साली स्पॅनिश वसाहतकार ओन्याते याच्या काफिल्याबरोबर मेक्सिकोतून निघालेला हा म्हातारा सैनिक वाटेतच वारला आणि इथेच पुरला गेला. त्याच वाटेने पुढे तीन शतके खेचरे, बैलगाड्या, पाद्री आणि मेंढपाळ ये-जा करत राहिले. अर्थात हा मुलूख तेव्हाही रिकामा नव्हता. अपाची आणि प्वेब्लो लोकांचे ते घर होते, आणि ओन्यातेने १५९९ साली आकोमा गावात केलेली कत्तल ते आजही विसरलेले नाहीत. या भूमीवर हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक पूर्वजांच्या, समाजाचा हक्क जुना आहे, पण पहिला नाही. हे मान्य केल्याशिवाय पुढचे बोलणे खरे ठरणार नाही.

२१ मे २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी इथली ४,९६,३३० एकर जमीन ‘ऑर्गन माउंटन्स–डेझर्ट पीक्स राष्ट्रीय स्मारक’ म्हणून घोषित केली. स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुतळा येतो. इथे मात्र अख्खे वाळवंटच स्मारक आहे. १९०६ च्या पुरातन वारसा कायद्याने अध्यक्षांना सरकारी मालकीची जमीन अशी राखून ठेवता येते. मग तिथे नवे खाणीचे दावे, तेल-वायूचे भाडेपट्टे किंवा विक्री होऊ शकत नाही; आधीचे हक्क शाबूत राहतात. या हद्दीत खडकांवरची प्राचीन कोरीव चित्रे आहेत, टपालगाड्यांचा जुना मार्ग आहे आणि अपोलोच्या अंतराळवीरांनी ज्यात भूशास्त्राचा सराव केला ते किलबोर्न होल नावाचे ज्वालामुखी विवरही आहे.

लास क्रूसेस ज्या दोन्या आना काउंटीत येते, तिथली सुमारे दोन तृतीयांश वस्ती हिस्पॅनिक आहे. स्मारकासाठी वर्षानुवर्षे सभा झाल्या, त्यांत हिस्पॅनिक व्यापाऱ्यांचे मंडळ होते, पाद्री होते, निवृत्त सैनिक आणि शिकारीही होते. निसर्गरक्षण हा सुखवस्तू गोऱ्यांचा छंद, हा अमेरिकेत रूढ झालेला समज इथे टिकत नाही.

पण मला यात जास्त महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ज्या सरकारने या समाजाची जमीन घेतली, त्याच सरकारच्या दारात हा समाज जमीन राखण्याची मागणी घेऊन गेला. हे समजायला उत्तर न्यू मेक्सिकोत जावे लागते.

स्पेन आणि मेक्सिकोच्या अमलात इथल्या वस्त्यांना ‘मेर्सेद’ मिळत, म्हणजे जमिनीची सनद. घर आणि शेत ज्याचे त्याचे. पण डोंगर, कुरण, जंगल साऱ्या गावाचे. आपल्याकडच्या गायरानासारखीच ही व्यवस्था होती. सरपण तिथूनच यायचे, मेंढ्या तिथेच चरायच्या, आणि पिन्योन झाडांच्या चिलगोज्यासारख्या बिया शरद ऋतूत सारे कुटुंब मिळून वेचायचे. डोंगरातले वितळलेल्या बर्फाचे पाणी ‘असेकिया’ म्हणजे पाटाने शेतात येई. पाण्याच्या पाळ्या लावणारा मायोर्दोमो हे पाट वापरणारेच निवडत, आजही निवडतात.

१८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने हा मुलूख अमेरिकेकडे गेला. रहिवाशांच्या मालमत्तेचा मान राखू, असे तहात वचन होते. पुढे १८९७ च्या सँडोव्हाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सामायिक जमीन गावाची नव्हतीच, ती राजाची होती, म्हणून आता ती अमेरिकी सरकारची. सान मिगेल देल बादोच्या सनदेत सुमारे ३,१५,००० एकर होते. गावाकडे उरले जेमतेम ५,०००. एका निकालाने माणसांच्या पायाखालून डोंगर काढून घेतला. त्या जमिनींतल्या कित्येक आज सरकारी वनांत आहेत. हा राग पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राहिला. जून १९६७ मध्ये रेइएस लोपेस तिहेरिना यांच्या संघटनेची माणसे बंदुका घेऊन तिएर्रा आमारियाच्या न्यायालयात घुसली.

ही पार्श्वभूमी असताना टाओसजवळ २५ मार्च २०१३ रोजी रिओ ग्रांदे देल नोर्ते स्मारक झाले. सुमारे २,४२,००० एकर पठार, आणि त्याला चिरत गेलेली, काही ठिकाणी ८०० फूट खोल असलेली नदीची घळ. मागणी करणाऱ्यांत गुरे पाळणारे, पाटकरी आणि जुन्या सनदांचे वारसही होते. त्यांची अट साधी होती: राखण करा, पण आम्हाला बाहेर काढू नका. घोषणापत्रात ती उतरली. घरच्या वापरासाठी सरपण आणि पिन्योनच्या बिया गोळा करणे चालू राहील, असे त्यात लिहिले आहे. चराईही बंद झाली नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सहीच्या कागदावर चुलीच्या लाकडाचा उल्लेख यावा, यामागे शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आहे.

सगळे एकमुखी होते असे मात्र नाही. लास क्रूसेसभोवतीच्या पशुपालकांतून कडवा विरोध झाला. तिथले तेव्हाचे खासदार स्टीव्ह पीअर्स यांना स्मारक हवे होते, पण फार छोटे. कुरणावर ज्यांचे पोट आहे त्यांची धास्ती खोटी म्हणता येत नाही. सरकारी वचनांचे काय होते, हे या भागाने पाहिले आहे.

टेक्सासातल्या एल पासोची कहाणी आणखी निराळी. दर पाच माणसांत चाराहून अधिक हिस्पॅनिक असलेल्या या शहराला लागूनच कॅस्टनर रेंज आहे. १९२६ ते १९६६ लष्कराने तिथे तोफगोळ्यांचा सराव केला. वसंतात डोंगरउतारावर पिवळ्या-केशरी खसखशीच्या फुलांचा बहर येतो, पण न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे आत जाता येत नाही. तरीही शहराने सुमारे अर्धशतक हा डोंगर बांधकामापासून वाचवण्याचा ध्यास सोडला नाही. मार्च २०२३ मध्ये त्याचे स्मारक झाले. आपल्या हयातीत पाय ठेवायला मिळेल की नाही ठाऊक नसलेल्या जमिनीसाठी माणसे इतकी वर्षे झटली, याचे मला फार अप्रूप वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातले सुमारे ६,२४,००० एकरांचे चकवाला स्मारक झाले. त्यासाठी आदिवासी राष्ट्रांच्या बरोबरीने कोआचेला खोऱ्यातले लॅटिनो रहिवासीही उभे राहिले. खजूर आणि द्राक्षांच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांना रविवारी जायला जवळचे मोकळे रान तेच. काही महिन्यांतच त्या स्मारकाला न्यायालयात आव्हान मिळाले. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने १९३८ पासूनचे आपले मत फिरवले: आधीच्या अध्यक्षाने केलेले स्मारक नवा अध्यक्ष पूर्णपणे रद्द करू शकतो.

असे एखादे स्मारक उद्या रद्द झालेच, तरी जमीन सनदेच्या वारसांकडे किंवा आदिवासींकडे परत जाणार नाही. ती सरकारचीच राहील. फक्त खाणवाल्यांना तिथे पुन्हा दावे लावता येतील. म्हणूनच मालकीचा जुना दावा न सोडताही हे लोक राखणीच्या बाजूने सह्या करत आहेत.