उजेडाची मात्रा

दिवाणखान्यातले सगळे दिवे लावून बसलं, तरी डोळ्यांपर्यंत पोहोचणारा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) भरतो. चांगल्या उजळलेल्या ऑफिसात तो ५००च्या आसपास जातो. त्याच वेळी बाहेर आभाळ भरून आलेलं असलं, तरी अंगणात काही हजार लक्स असतात आणि भर उन्हात लाखभर. आपले डोळे इतक्या चटकन जुळवून घेतात की हा शेकडो पटींचा फरक आपल्या लक्षातही येत नाही. मेंदू मात्र त्याची नोंद ठेवतो, आणि घरच्या घरी घ्यायच्या प्रकाशोपचाराचं सगळं शास्त्र त्या नोंदीवर उभं आहे.

नॉर्मन रोझेन्थाल हे तरुण डॉक्टर १९७६मध्ये जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आले. तिथल्या हिवाळ्यात त्यांचा उत्साह ओसरायचा आणि वसंत आला की परत यायचा. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत रुजू झाले. तिथे आल्फ्रेड लेवी यांनी १९८०मध्ये दाखवून दिलं होतं की २,५०० लक्सचा प्रखर प्रकाश रात्रीही माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक दाबून टाकतो. त्या प्रयोगात ५०० लक्सना ते जमलं नव्हतं. रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी मग दर हिवाळ्यात खचणाऱ्या रुग्णांना प्रखर दिव्यांसमोर बसवलं आणि १९८४मध्ये या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. झोप वाढते, भात-पाव-गोडाची ओढ लागते, वजन चढतं, माणसं नकोशी वाटतात, आणि हे सगळं ठरावीक महिन्यांत येऊन ठरावीक महिन्यांत जातं.

हा आजार मुळात उत्तरेकडचा. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही ११ तासांचा असतो, लंडनमध्ये तो ८ तासांचाही भरत नाही. नोकरदार माणूस अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परततो. जन्मभर मुबलक उजेडात वाढून तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींना तिथला दुसरा-तिसरा हिवाळा जड जाऊ लागला, तर तो त्यांचा आळस समजू नये.

असं का होतं, याचा एक मोठा धागा २००२मध्ये हाती लागला. डोळ्याच्या पडद्यावर काही मोजक्या पेशी अशा आहेत की त्यांचा चित्र दिसण्याशी फारसा संबंध नाही. उजेड किती आहे एवढंच त्या मोजतात, निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या शरीर-घड्याळाला थेट कळवतात. हे घड्याळ स्वतःहून बरोबर २४ तासांवर चालत नाही. बहुतेकांचं थोडं मागे पडतं, आणि रोज सकाळचा प्रखर उजेड ते पुढे सरकवून जागेवर आणतो. सकाळ अंधारी गेली की झोप, भूक आणि मन यांचं वेळापत्रक ढिलं पडत जातं.

घरी वापरायचा दिवा म्हणजे पसरट पांढरा प्रकाश देणारी चौकोनी पाटी. खोक्यावर १०,००० लक्स लिहिलेलं असतं, पण खरं वाचायचं ते पुढचं: किती अंतरावर? काही छोटे दिवे हा आकडा वीतभर अंतरावर गाठतात आणि हातभर लांब ठेवले की त्यातला बराचसा उजेड हरवतो. दिवा टेबलावर, नजरेच्या किंचित वर आणि थोडा बाजूला, चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर ठेवावा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळे उघडे ठेवून चहा प्यावा, पेपर वाचावा, डबा भरावा. उठल्यापासून तासाभरात, रोज २० ते ३० मिनिटं. बऱ्याच जणांना आठवडा-दोन आठवड्यांत फरक जाणवतो. संध्याकाळी उशिरा घेतलात तर झोप लागायला आणखी उशीर होईल. चांगल्या दिव्यात अतिनील किरण गाळलेले असतात, त्यामुळे त्यातून ड जीवनसत्त्व मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

पुरावा किती पक्का आहे? कॅनडात रेमंड लॅम यांच्या गटाने हिवाळी नैराश्याच्या ९६ रुग्णांवर ८ आठवडे चाचणी घेतली. निम्म्यांना खरा दिवा आणि खोटी गोळी, निम्म्यांना मंद दिवा आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध. २००६मध्ये निष्कर्ष आला: दोन्ही गटांत ६७ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. याच गटाच्या २०१६च्या चाचणीत ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही प्रकाशाचा उपयोग दिसला. दिवा काढून ठेवला की गुण मात्र टिकत नाही. विचारांना वळण लावणारी मानसोपचाराची सत्रं पुढच्या हिवाळ्यांतही साथ देतात, हे केली रोहन यांच्या व्हर्माँटमधल्या अभ्यासात दिसलं. म्हणून दिव्यालाच रामबाण समजू नये.

डोकेदुखी, डोळे ताणणं, मळमळ हे त्रास बहुधा वेळ कमी केली की जातात. पण उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा बायपोलर आजार असेल, तर प्रखर प्रकाशाने माणूस उन्मादाकडे झुकू शकतो. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, मधुमेहाने डोळ्यांवर परिणाम झालेला असेल किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिव्याला हात लावू नये.

आपल्याकडे हा दिवा घ्यावा का? माझं स्पष्ट मत: बहुतेकांनी घेऊ नये. आषाढातल्या गच्च ढगाळ सकाळीही गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत मिळणारा उजेड पडदे ओढलेल्या फ्लॅटच्या कितीतरी पट असतो, तोही फुकट. सकाळी अर्धा तास बाहेर पडा, गॉगल न घालता आणि सूर्याकडे थेट न बघता. रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना पाळीच्या पूर्वार्धात प्रखर उजेड लागतो आणि सकाळी घरी परतताना काळा चष्मा. स्वतः गाडी चालवत येत असाल, तर तो चष्मा नको.

परदेशी दिवाळीच्या फराळाची पार्सलं जातात ती नेमकी तिकडचा उजेड आटू लागतो तेव्हा. प्रकाशोपचार सुरू करायची वेळही तीच, कारण पहिल्या मरगळीलाच सुरुवात केली तर पुढचे महिने सोपे जातात. तेव्हा फराळ पोहोचला का, हे विचारताना एवढंही विचारा: सकाळी उजेडात बाहेर पडतोस का, झोप कशी आहे, मित्रांना भेटतोस का? आणि उत्तरात जगणंच नकोसं झाल्याचा सूर लागला, तर दिव्याची गोष्ट काढू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठायला लावा.