पडदा आणि प्रकाशचित्र

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे मांडली. काचेवर रंगविलेली चित्रे कंदिलाच्या साह्याने पडद्यावर पाडून ते कथा दाखवीत. आज कंदिलाच्या जागी प्रोजेक्टर आला. भूमितीचा नियम मात्र तोच आहे.

यंत्र व पडदा यांमधील अंतर दुप्पट केले, की चित्राची लांबी-रुंदी दुप्पट, क्षेत्र चौपट आणि उजेडाची तीव्रता चतुर्थांश होते. म्हणून प्रथम अंतर ठरवावे. मग भिंग फिरवून रेषा स्पष्ट कराव्यात.

यंत्राचे तोंड वर उचलले, तर वरच्या किरणांना अधिक लांब जावे लागते व चित्र माथ्याशी रुंदावते. पेण-रोह्याकडील कासूसारख्या गावच्या शाळेत वर्तुळ असे वेडेवाकडे दिसले, तर मुलांच्या मनात आकृतीच चुकीची ठसेल. तेव्हा यंत्र उंच आसनावर सपाट ठेवावे. अथवा पडद्याचा माथा यंत्राकडे झुकवावा. दोरीने चित्राची वरची व खालची कड मोजावी. दोन्ही सारख्या भरल्या म्हणजे हा दोष गेला असे समजावे.

नव्या यंत्रांत कळ दाबूनही चित्र चौकोनी करता येते. परंतु त्यात काही प्रकाशबिंदू वाया जाऊन रेखीवपणा घटतो. यास्तव मांडणी आधी व कळ शेवटी, हाच क्रम श्रेयस्कर होय.