नॉर्टन कमांडोचा पुढचा ब्रेक

१९६९ मध्ये होंडाने सीबी७५० बाजारात आणली आणि पुढच्या चाकाचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आला. ब्रिटिश कारखान्यांना मागे राहून चालणार नव्हतं. नॉर्टनने १९७२ पासून कमांडोला लॉकहीडचा डिस्क ब्रेक द्यायला सुरुवात केली. गाडी मुळातच देखणी आणि ताकदीची. पुढच्याच वर्षी इंजिन वाढून ८२८ सीसीचं झालं. ब्रेक मात्र होता तिथेच राहिला, आणि आजही दोन कमांडोवाले भेटले की विषय हमखास ब्रेकवर येतो.

तक्रार जरा वेगळी आहे. ब्रेक कमजोर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ग्रिपपर्यंत दबत जाणारा लिव्हर येतो. लाइनमध्ये हवा शिरली की तसं होतं. कमांडोचा लिव्हर उलट दगडासारखा घट्ट. जरासा दबतो आणि अडतो. चार बोटांनी आवळला तरी गाडी आपल्या सवडीने थांबते. अशा ब्रेकमधून कितीदाही हवा काढा, फरक पडत नाही, कारण हवा तिथे नाहीच.

दुखणं हँडलवरच्या मास्टर सिलिंडरच्या मापात आहे. त्याचा बोअर पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १५.९ मिमी. पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलेलो असतो: पिस्टन जाड असेल तर हाताचं तेच बळ मोठ्या क्षेत्रफळावर विभागलं जातं आणि कॅलिपरपर्यंत दाब कमी पोचतो. बोअर १३ मिमीवर आणला की क्षेत्रफळ दोन तृतीयांश उरतं आणि तेवढ्याच बळात दाब दीडपट मिळतो. त्याची किंमत एवढीच की लिव्हरही दीडपट आत येतो. म्हणून इथे हाव कामाची नाही. ११ मिमीवर गेलात तर दाब दुप्पट होईल, पण लिव्हर ग्रिपला टेकायची वेळ येईल.

आणि हे सगळं मूळ भाग टाकून न देता करता येतं, हेच मला या कामात सर्वात लोभस वाटतं. जुना सिलिंडर पोखरून त्यात स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवतात, मग नवा बारीक पिस्टन आणि त्याच्या मापाचे सील. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. कारागिराची परीक्षा होते ती स्लीव्हमध्ये पाडायच्या दोन भोकांपाशी. त्यातलं एक अगदी बारीक. लिव्हर सोडल्यावर लाइनमध्ये उरलेला दाब त्यातूनच ब्रेक ऑइलच्या टाकीत परततो. ते बुजलं तर तापून फुगलेल्या ब्रेक ऑइलला वाट उरत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतात. भोक पाडताना आतल्या कडेला राहिलेला धातूचा धारदार बर निगुतीने काढावा लागतो, नाहीतर लिव्हरच्या प्रत्येक दाबाला तो सीलचा ओठ कातरत जातो.

डिस्क बिडाची. बिडावर पॅड छान पकडतात, पण बीड लगेच गंजतं, म्हणून वर कडक क्रोम चढवलेलं. दिसायला झकपक, ब्रेकसाठी वाईट. ओल्या रस्त्यावर तर फारच. ते ग्राइंडिंग करून उतरवावं आणि तांबूस छटा येईल ती येऊ द्यावी. पॅड ऑरगॅनिकच घ्यावेत; सिंटर्ड पॅड बीड खातात.

पन्नास वर्षांचा रबरी होज दाबाने फुगतो. दाब वाढवल्यावर तो ठेवणं धोक्याचंच. स्टीलच्या जाळीचा घालावा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते.

आपल्याकडे एस्कॉर्ट्सने १९८३ पासून विकलेली राजदूत ३५० ही यामाहा आरडी३५० चीच बहीण, पण जपानी गाडीची पुढची डिस्क वगळून ड्रम घेऊन आलेली. तिचे हौशी मालक आता डिस्क बसवून घेतात: कॅलिपर एका गाडीचा, मास्टर सिलिंडर दुसऱ्या गाडीचा, जुन्या बाजारात हाती लागेल तो. अशा जोडीत मास्टर सिलिंडर मोठा पडला तर तोच कमांडोचा घट्ट लिव्हर घरी येतो. मास्टर सिलिंडरवर बोअरचं माप बऱ्याचदा उमटवलेलं असतं. कॅलिपरचा पिस्टन व्हर्निअरने मोजता येतो. पैसे देण्याआधी दुकानातच दोन्ही मापं घ्यावीत.