मेंदूला करंट देऊन लेकरांची आठवण वाढते का?



"सिस्टर, लेकरू अभ्यास करतंय, पण ध्यानात राहत नाही." जिंतूरच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना आया हे हमखास सांगतात. आता त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मोबाईलवर जाहिरात दिसते : डोक्याला पट्टा लावा, हलका करंट घ्या, स्मरणशक्ती वाढवा. दहावीच्या किंवा नीटच्या लेकरासाठी असं मशीन घ्यावं का?

उत्तर आधीच सांगते : घेऊ नका. पण का घेऊ नये, हेही समजून घ्या. यामागे खरं विज्ञान आहे, आणि ते अर्धवट सांगूनच आपल्याला गंडवलं जातं.

ही आठवण कोणती?

लेकरू फळ्यावरचं गणित पाहतं, मान खाली घालतं आणि वहीत उतरवतं. मधल्या काही सेकंदांत ते आकडे मनात धरून ठेवावे लागतात. डोळ्यांनी पाहिलेलं असं थोडा वेळ धरून ठेवण्याला दृश्य कार्यस्मृती म्हणतात. ही ओंजळ सगळ्यांचीच लहान असते. अमेरिकेतले संशोधक लक आणि व्होगेल यांनी १९९७ मध्ये लोकांना पडद्यावर रंगीत चौकोन दाखवून पाहिलं. एका वेळी साधारण चारच वस्तू नीट ध्यानात राहतात, असं त्यांना आढळलं. म्हणून लेकरू पुन्हा पुन्हा फळ्याकडे पाहतं, तेव्हा त्याला 'ढ' म्हणू नका.

मशीन काय करतं?

या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बसवतात आणि त्यांतून साधारण वीस मिनिटं १ ते २ मिलीअँपिअर करंट सोडतात. जर्मनीतल्या ग्योटिंगन इथे निट्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवून दिलं, की एवढ्याशा करंटनेही मेंदूच्या पेशी थोड्या जास्त किंवा थोड्या कमी तत्पर होतात.

दवाखान्यातली 'शॉक ट्रीटमेंट' ती ही नव्हे. तिचा करंट शेकडो पटींनी जास्त असतो. गंभीर मानसिक आजारात ती उपयोगी पडते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल व स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती देता येत नाही. कुणाच्या घरी डॉक्टरांनी ती सांगितली असेल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका.

अभ्यासातून काय दिसलं?

तैवानच्या संशोधकांनी २०१२ मध्ये डोक्याच्या उजव्या बाजूला, मागच्या भागावर करंट देऊन पाहिला. पाहिलेलं ध्यानात ठेवण्यात जे कच्चे होते, त्यांच्यात सुधारणा झाली. जे आधीच पक्के होते, त्यांना फायदा झाला नाही. बोस्टन विद्यापीठात २०१९ मध्ये ६० ते ७६ वयाच्या लोकांना दुसऱ्या प्रकारचा, लयीत बदलणारा करंट २५ मिनिटं दिला. त्यांची कार्यस्मृती सुधारली आणि पुढे ५० मिनिटं तो परिणाम मोजता आला.

ही झाली एक बाजू. २०१५ मध्ये टीडीसीएसचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. निरोगी माणसाला एकदा करंट दिल्याने बुद्धीच्या कामांत भरवशाचा फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. त्याआधी ऑक्सफर्डच्या २०१३ च्या प्रयोगात, आकडे शिकताना एक क्षमता सुधारली तर दुसरी घसरली. २०१६ मध्ये ३९ संशोधकांनी जाहीर पत्र लिहून, घरच्या घरी करंट घेणाऱ्यांना सावध केलं.

परीक्षेतले मार्क वाढल्याचं यातल्या एकाही प्रयोगाने दाखवलेलं नाही. तिथे मोजली ती पडद्यावरच्या चौकोनांसारखी कामं.

धोका कुणाला?

स्पंज कोरडा पडला तर कातडी भाजते. फिट येणाऱ्यांनी, डोक्यात धातूची पट्टी असणाऱ्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. लेकरांचा मेंदू अजून घडत असतो. बॅटरी आणि वायरी जोडून घरी प्रयोग करू नका. घरातल्या लाईटचा करंट तर थेट जीव घेतो.

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये टीडीसीएस वापरतात, पण ते स्किझोफ्रेनियात कानात आवाज येणाऱ्या रुग्णांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. परीक्षेसाठी नव्हे.

काही वर्षांपूर्वी 'मिड ब्रेन ॲक्टिव्हेशन'चे क्लास निघाले होते. डोळे बांधून लेकरं वाचतात, असं दाखवलं जायचं. खरं तर लेकरं नाकाजवळच्या फटीतून पाहत होती. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्या दाव्यांना विरोध केला. स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करून औषध विकायलाही औषध नियमावलीत मनाई आहे.

मग करायचं काय?

*डोळे तपासा.* फळ्यावरचं नीट दिसतच नसेल, तर ध्यानात काय राहणार? अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारं आरोग्य तपासणीचं पथक हे काम मोफत करतं.

*रक्त तपासा.* हिमोग्लोबिन कमी असलं की लेकरू थकतं, लक्ष लागत नाही. वयात आलेल्या मुलींकडे जास्त लक्ष द्या. शाळेतून मिळणारी लोहाची आणि जंताची गोळी लेकराला घेऊ द्या. डाळ, पालेभाजी, अंडी आणि सोबत लिंबू खाऊ घाला.

*झोप पुरी होऊ द्या.* दिवसभरात वाचलेलं झोपेत पक्कं होतं. रात्री मोबाईल आईच्या उशाशी ठेवा.

*वही मिटून आठवायला लावा.* धडा दहादा वाचण्यापेक्षा एकदा वाचून, वही मिटून सांगायला लावा. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

लेकरू बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबतं, हाक मारली तरी ओ देत नाही, असं वारंवार होत असेल तर तो फिटचा प्रकार असू शकतो. त्याला मारू नका, डॉक्टरांना दाखवा. अभ्यासाच्या ताणाने झोप उडाली असेल, लेकरू गप्प गप्प राहत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं.

तरीही कुणी मशीन विकायला दारात आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा : हे कोणत्या आजारासाठी आहे? कोणत्या डॉक्टरने लिहून दिलं? काही झालं तर जबाबदार कोण? नीट उत्तर मिळाल्याशिवाय बचत गटाचा एक रुपयाही काढू नका.