प्रत एकच

२००८ साली पोलरॉइड कंपनीने झटपट छायाचित्रांची फिल्म बनविणे बंद केले. डिजिटल कॅमेऱ्यापुढे तो व्यवसाय टिकणारा नव्हता. हिशेबाने पाहता निर्णय चूक म्हणता येणार नाही. परंतु नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याचे व्यवस्थापक आंद्रे बॉसमन आणि व्हिएन्नाचे फ्लोरियन काप्स यांनी तेथील यंत्रे भंगारात जाऊ दिली नाहीत. मूळ रसायने मिळेनाशी झाली होती, म्हणून कृती नव्याने शोधावी लागली. २०१० साली त्यांची फिल्म बाजारात आली. महाग आणि बेभरवशाची, तरीही तिला ग्राहक लाभले.

मोबाइलमध्ये हजारो चित्रे साठतात, पुन्हा पाहिली जातात ती थोडीच. या फिल्मच्या पाकिटात आठच चित्रे असतात. प्रत एकच; ती आजीच्या हाती दिली की आपल्यापाशी उरत नाही. तिचे मोल त्यातच आहे.

जैन कुटुंबांनी मात्र एक गोष्ट जाणून घ्यावी. फिल्मवरील चांदीचे क्षार धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. औषधाची कॅप्सूल घेताना त्याची चौकशी करणाऱ्या घरांतही फिल्म घेताना हा प्रश्न सहसा निघत नाही.