कृष्णधवल छायामुद्रणासाठी पर्यायी शाई

इंकजेट प्रिंटरवर वापरली जाणारी, परंतु प्रिंटरच्या उत्पादकाखेरीज अन्य कंपनीने तयार केलेली शाई म्हणजे पर्यायी शाई होय. खर्चात बचत हा तिच्या वापराचा सर्वपरिचित हेतू आहे. तथापि कृष्णधवल छायाचित्रांच्या छपाईत करड्या छटांची शुद्धता आणि छापील प्रतीचे आयुष्य हे मुद्दे किमतीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात.

करड्या छटांचा प्रश्न

साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी अशा चार शाया असतात. छायाचित्रांसाठीच्या अनेक सहारंगी प्रिंटरांत फिकट सायन व फिकट मॅजेंटा यांची भर पडते. करडी शाई मात्र नसते. त्यामुळे करडा रंग रंगीत शायांच्या मिश्रणातून तयार होतो. असे चित्र सूर्यप्रकाशात करडे, तर ट्यूबलाइटखाली हिरवट किंवा गुलाबी दिसू शकते. या परिणामास मेटामेरिझम म्हणतात. केवळ काळी शाई वापरल्यास हा दोष टळतो, परंतु चित्राच्या उजळ भागात ठिपके दिसू लागतात.

यावरील उपाय म्हणजे काळ्या शाईच्या अनेक फिकट श्रेणी वापरणे. एप्सन कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या 'के३' शाईसंचात काळ्याच्या तीन तीव्रता एकाच वेळी वापरल्या जातात. अमेरिकेतील मुद्रक जॉन कोन यांच्या 'पीझोग्राफी' या पर्यायी शाईसंचात रंगीत शायांच्या जागी करड्या शाया भरल्या जातात. अशा संचासाठी रॉय हॅरिंग्टन यांच्या 'क्वाडटोनरिप'सारखी स्वतंत्र संगणकप्रणाली वापरतात. रंगीत शायांची जागा करड्या शायांनी घेतल्यावर त्या प्रिंटरवर रंगीत छपाई करता येत नाही.

शाईचे प्रकार

डाय शाईतील रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो व तो कागदात मुरतो. ही शाई स्वस्त व तजेलदार असते, मात्र प्रकाश आणि हवेतील ओझोन यांमुळे तुलनेने लवकर फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात. काळ्या पिगमेंटचा आधार असलेला कार्बन प्रकाशात अत्यंत टिकाऊ आहे. शुद्ध कार्बनची छटा तपकिरीकडे झुकते. ती तटस्थ करण्यासाठी मिसळलेले रंगीत पिगमेंट आधी उडाल्यास चित्राची छटा कालांतराने बदलते.

निवडीचे निकष

* प्रिंटहेड : एप्सनचे प्रिंटहेड दाबाने, तर कॅनन व एचपीचे बहुतेक प्रिंटहेड उष्णतेने शाई फेकतात. एकासाठी बनवलेली शाई दुसऱ्यास योग्य ठरेलच असे नाही.
* कागद : 'मॅट ब्लॅक' शाई सुती व बिनचकाकीच्या कागदावर गडद काळा देते, चकचकीत कागदावर ती नीट धरत नाही. तेथे 'फोटो ब्लॅक' लागते.
* मिश्रण : डाय व पिगमेंट एकत्र करू नयेत. भिन्न कंपन्यांच्या शाया मिसळल्यास गाळ धरून नोझल बुजण्याचा धोका असतो.
* चाचणी : पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या श्रेणीची पट्टी छापून ती दिवसाच्या व दिव्याच्या प्रकाशात तपासतात. पट्टीचा अर्धा भाग झाकून ती काही महिने खिडकीत ठेवल्यास शाईच्या टिकाऊपणाचा अंदाज येतो.

हवामान व जुनी छायाचित्रे

मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात उन्हाळा कडक व कोरडा असतो. अशा हवेत, विशेषतः प्रिंटर बंद राहिल्यास, नोझलमधील शाई सुकते. पिगमेंट शाईत ही अडचण अधिक जाणवते. नियमितपणे नोझल-तपासणीचे पान छापल्यास ती कमी होते. पावसाळ्यातील दमट हवेत डाय शाई पसरू शकते.

पूर्वजांच्या जुन्या छायाचित्रांच्या नव्या प्रती करून घेताना शाईची निवड विशेष महत्त्वाची ठरते. विसाव्या शतकातील बहुसंख्य कृष्णधवल छायाचित्रांतील प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि योग्य प्रक्रिया झाली असल्यास ती अनेक दशके टिकते. स्वस्त डाय शाईतील नवी प्रत उजेडाच्या भिंतीवर तिच्याआधीच फिकी पडू शकते. म्हणून नवी प्रत झाल्यावरही मूळ छायाचित्र कोरड्या व अंधाऱ्या जागी जपून ठेवणे आवश्यक असते.