चर्च सांगेल तिकडे मतं जातात का?

निवडणूक जवळ आली की ओझर-मिगपासून नाशिकरोडपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं : "चर्च सांगेल तिकडे ख्रिस्ती मतं जातात." कोणतं चर्च, हे मात्र कोणी सांगत नाही. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा वेगळा, शिवाय कितीतरी स्वतंत्र मंडळ्या. या सर्वांना एकत्र हुकूम सोडणारं पीठच नाही.

धर्मगुरू सत्तेसाठी धडपडतात, हाही असाच समज. कॅथलिक धर्मगुरूंना राज्यसत्तेचं पद घ्यायला त्यांच्याच चर्चचा कायदा मनाई करतो. संविधान सभेत फादर जेरोम डिसोझा हे जेझुइट धर्मगुरू होते, पण ते उदाहरण विरळाच. देशाचा कायदाही कडक आहे. धर्मस्थळाची जागा राजकीय प्रचाराला वापरणं १९८८ च्या कायद्याने गुन्हा ठरतं आणि धर्माच्या नावाने मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्ट आचार आहे. एखाद्या चर्चच्या व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव घेतलं गेलं, तर ते झाकू नये.

"मग चर्चने गप्प बसावं" हा निष्कर्ष मला सर्वांत घातक वाटतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून लढले ते विहिरींचं पाणी आणि हिरवी जमीन वाचवण्यासाठी. तहान काही धर्म पाहून लागत नाही, म्हणून सर्व धर्मांचे लोक त्या लढ्यात उतरले. पुढे, २०२० साली, हेच फादर उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. किंवा आपल्याजवळचं, नाशिकचं शरणपूर घ्या. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनने आसरा दिला, अक्षर आणि हातकाम शिकवलं. त्यांतले काही पुढे आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाच्या अखेरच्या प्रवासात त्याच्यासोबत होते. यात मतांचा हिशेब कुठे आहे?

एक मागणी मात्र उघड राजकीय आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही आणि चर्च तो मागतं. ते मागणं पूर्णपणे सनदशीर आहे.

निफाड तालुक्यात कुठे चर्चमधून मतं मागितल्याचा पुरावा असेल, तर निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. पुरावा नसेल, तर ते वाक्य पुढे पाठवू नका.